इंग्लंडमध्ये मुलांना किनाऱ्यावरचे मोकळे सील दाखवायला कुठे आणि कधी न्यावं?

तुम्ही लेस्टरला राहता, मुलं ४ आणि ९ वर्षांची आहेत आणि मत्स्यालयातले नाहीत, तर किनाऱ्यावरचे मोकळे सील दाखवायचे आहेत. मग सरळ लिंकनशायरमधलं डॉना नूक गाठा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. ग्रे सीलच्या माद्या ऑक्टोबरच्या अखेरीपासून तिथे विण्यासाठी वाळूवर येतात आणि डिसेंबर संपता संपता किनारा रिकामा होतो. मधल्या काळात २,०००च्या वर पिल्लं जन्माला येतात.

नॉरफोकच्या हॉर्सी गॅपचं नाव तुम्हाला बरेच जण सुचवतील. जागा सुंदर आहे, हंगामही जानेवारीपर्यंत लांबतो. पण तिथे टेकाडांवरच्या वाटेवरून खाली बघावं लागतं. ४ वर्षांच्या मुलाला दुर्बीण नीट धरता येत नाही, त्यामुळे त्याच्या हिशेबी ते वाळूवरचे करडे दगडच. वाटही मऊ वाळूची, बाबागाडी रुतते. डॉना नूकला वाळूच्या टेकाडांच्या पायथ्याशी लाकडी कुंपण आहे आणि कित्येक माद्या त्याला खेटूनच वितात. धाकट्याला तेच हवं.

तिथवर बस-ट्रेनने जाणं जवळपास अशक्य, गाडीच हवी. लेस्टरहून अडीच तास धरा. शेवटचा रस्ता अरुंद आहे आणि शनिवार-रविवारी दुपारी त्यावर गाड्यांची रांग लागते. थोरल्याच्या शाळेचा इनसेट डे (शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मुलांना मिळणारी सुट्टी) नोव्हेंबरात येत असेल तर तोच साधा. नाहीतर रविवारी पहाटे निघून साडेनऊपर्यंत पोचा. चारच्या सुमारास अंधारतं, म्हणून जेवून-खाऊन निघू असा बेत केलात तर दिवस हातचा गेला. एक लक्षात ठेवा: हा भाग हवाईदलाच्या सरावाचा आहे. आठवड्याच्या दिवसांत विमानं डोक्यावरून कानठळ्या बसवत जातात. सील ढिम्म हलत नाहीत, दचकतात ती मुलं. आधी सांगून ठेवा. सराव चालू असल्याचा लाल बावटा असो वा नसो, कुंपणापलीकडे समुद्राच्या दिशेने जायचं नाही.

पोचल्यावर मुलांना पिल्लांची वयं ओळखायला लावा, तास कसा जातो कळत नाही. नुकतंच जन्मलेलं पिल्लू सुमारे १४ किलोचं, पण कातडी अंगाला ढगळ, घड्या पडलेली. पांढऱ्या लोकरीवर पिवळट डाग आणि पोटाशी गुलाबी नाळ लोंबत असते. जवळपास समुद्रपक्षी घिरट्या घालत असतील तर ते वारेच्या आशेने आलेले असतात, म्हणजे बाळंतपण आत्ताच झालंय. आईच्या दुधात निम्म्याहून जास्त चरबीच असते, त्यामुळे पिल्लू दिवसाला जवळजवळ २ किलो वाढतं. आठवड्याभरात घड्या जातात, दोन आठवड्यांत ते पिंप होतं. साधारण १८ दिवसांनी दूध तुटतं, पांढरी लोकर झडून खाली ठिपक्यांची करडी कातडी दिसू लागते. इतके दिवस उपाशी राहिलेली आई मग पिल्लाला तिथेच सोडून समुद्रात जाते. लांब, बाकदार नाकाचा, गडद रंगाचा धिप्पाड दिसला तर तो नर, ३०० किलोपर्यंतही भरतो.

रक्त, नरांच्या मारामाऱ्या, एखादं मेलेलं पिल्लू हेही दिसतं. ९ वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला प्रश्न पडतील, ते गाडीतच बोलून घ्या.

कुंपणावरून हात घालायचा नाही, फोनची काठीसुद्धा नाही. सीलचा चावा खोल असतो आणि हमखास चिघळतो, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देईलच असं नाही. म्हणून कुणाला चावलाच तर डॉक्टरांना ‘सील चावला’ असं स्पष्ट सांगायचं. कोकणात डॉल्फिन बघताना नाववाल्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणायची आपल्याला सवय असते, ती इथे घरी ठेवा. आई आणि पिल्लू यांच्या मध्ये माणसं आली की आई पाण्यात पळते, कधीकधी परतत नाही. पिल्लाला उचलून हलवलं तर दुसऱ्या माद्या त्याला चावतात.

कुंपण नसलेल्या किनाऱ्यावर कधी सील दिसलाच तर १०० मीटर अंतर ठेवा. त्याने मान वर करून तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही फार जवळ आलात, मागे व्हा. एकटं पिल्लू म्हणजे अनाथ नव्हे. त्याला पाण्यात ढकलू नका. जखमी वाटलं तर लांबूनच ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यू या समुद्री प्राण्यांना वाचवणाऱ्या संस्थेला फोन करा. मधोमध भोक असलेली फेकायची प्लास्टिकची चकती तर कुठल्याच किनाऱ्यावर नेऊ नका. ती सीलच्या गळ्यात अडकते आणि तो वाढतो तशी मांसात रुतत जाते.

थोरल्यासाठी ८ पट मोठं दाखवणारी हलकी दुर्बीण पुरे. १० पटीची त्या वयाच्या हातात थरथरते. कपडे थंडीपेक्षा वाऱ्याच्या हिशेबाने घ्या, पायात वेलिंग्टन बूट, गाडीत मोज्यांचा जादा जोड.

नोव्हेंबर हुकला तर उन्हाळ्यात नॉरफोकच्या मॉर्स्टनहून ब्लेकनी पॉइंटला जाणारी बोट घ्या. फेरी तासाभराची असते. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, रोज बदलतात. तेव्हा आधी बोट आरक्षित करा आणि मुक्काम-जेवण त्यावरून ठरवा.