पांढऱ्या कडांचा मेपल हिरवा पडतोय

प्रश्न : लंडनजवळ आमच्या परसात पांढऱ्या कडांच्या पानांचा ‘ड्रमंडी’ मेपल आहे. तो फार पसरलाय, शिवाय एका बाजूची पानं निव्वळ हिरवी झालीत. कधी आणि किती छाटू?

उत्तर : आधी हिरव्या फांद्या काढा. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे हिरवी फांदी जास्त जोमाने वाढते आणि बाकीच्या झाडावर कुरघोडी करते. ती उन्हाळ्यात, पानं असतानाच ओळखू येते. नुसतं टोक खुडून भागत नाही. फुटली तिथूनच कापा.

आकार कमी करायची छाटणी मात्र पानगळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापलंत तर जखमेतून रस ठिबकत राहतो. एका वर्षात पाव हिश्श्याहून जास्त फांद्या नकोत, आणि शेंडा तर मुळीच छाटू नका.

जाड फांदी तीन कापांत उतरवा. खोडापासून फूटभरावर खालून एक-तृतीयांश काप, त्याच्या थोडं पुढे वरून आरपार, मग उरलेला खुंट खोडालगतच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. एकाच कापात उरकलं, तर पडणारी फांदी खोडाची सालही ओढून नेते. कडं शाबूत असलं की जखम हळूहळू झाकली जाते; रंग, डांबर काही फासू नका.

घर संवर्धन क्षेत्रात (परिसराचं जुनं रूप जपण्यासाठी कौन्सिलने, म्हणजे स्थानिक पालिकेने, ठरवलेल्या भागात) असेल आणि दीड मीटर उंचीवर खोड ७५ मिमीहून जाड असेल, तर कौन्सिलला ६ आठवडे आधी लेखी कळवा.