गच्चीवरची वीज दोन टाक्यांत मावेल का?

प्रश्न : मॅडम, मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत. दुपारची वीज साठवून रात्री जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप चालवायचा विचार आहे. फ्लो बॅटरीत दोन टाक्यांतली द्रावणं पंपाने फिरवून वीज साठवतात, आणि ती पेट घेत नाही म्हणतात. मुलगी डिप्लोमाला आहे, ती म्हणते आपणच बनवू. स्वस्तात जमेल का?

उत्तर : पेट घेत नाही हे खरं, कारण आतलं द्रावण पाण्यातलं असतं. तरी सोसायटीसाठी आज मी हो म्हणणार नाही.

व्हॅनेडियम या धातूच्या द्रावणावर चालणाऱ्या फ्लो बॅटरीचंच घ्या. 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियात मारिया स्कायलस-काझाकोस यांनी ही बॅटरी घडवली आणि फ्लो बॅटऱ्यांत आजही तीच सगळ्यांत मुरलेली आहे. पण लिटरभर द्रावणात जेमतेम 20 वॉट-तास मावतात. दहा युनिटांना, म्हणजे 10,000 वॉट-तासांना, 500 लिटर लागणार, म्हणजे सहाशे किलोंहून जास्त भार, त्यात 40 किलोंच्या आसपास व्हॅनेडियम, आणि सगळं सल्फ्युरिक आम्लात. चाळीस अंशांच्या वर त्यातला साका खाली बसू लागतो. मे महिन्यात उन्हातल्या गच्चीवर ही टाकी ठेवायची नाही.

साठा वाढवायला टाकी मोठी केली की पुरतं. महाग असतो तो दोन द्रावणांमधला पडदा, इलेक्ट्रोड, पंप आणि नियंत्रण. संच लहान केला म्हणून हा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. चीनमध्ये दालियानला 2022 साली 400 मेगावॉट-तासांची बॅटरी उभी राहिली, तिचं गणित तुमच्या जिन्याला लागू पडत नाही. नेट मीटरिंग घेतलं नसेल तर आधी ते घ्या. दुपारची जादा वीज बिलात वळती होईल.

मुलीला मात्र अडवू नका! छोट्या संचाचा पडदा स्वस्त कसा करायचा, हेच काम व्हायला हवं आहे, आणि ते टेबलावर सुरू करता येतं. झिंक क्लोराइड आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, इलेक्ट्रोडसाठी ग्रॅफाइट फेल्ट (ग्रॅफाइटचं नमद्यासारखं कापड), दोन छोटे पंप, आणि पडद्याच्या जागी फोटो छापायचा मॅट कागद. अशा सेल लोकांनी चालवल्या आहेत. चार्ज होताना जस्त इलेक्ट्रोडवर चढतं, त्याचे काटे वाढून कागद भोसकतात, म्हणून करंट कमी ठेवायचा. इथे नुसती टाकी वाढवून भागत नाही, जस्ताला जागाही लागते. आयोडीनची वाफ डोळ्यांना झोंबते, डागही पडतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, हातमोजे-चष्मा घालून, सरांच्या देखरेखीखालीच करू दे. आयोडीनऐवजी विषारी ब्रोमीन वापरण्याच्या वाटेला मुळीच जाऊ नये.

प्रत्येक फेरीत किती वीज घातली आणि किती परत आली, ते तिने वहीत लिहावं. कागद बदलून आकडे बदलले, तर मला जरूर कळवा.