रोज ड्राइव्ह-थ्रूमधून घेतो तोच नाश्ता घरी केला तर खरंच फरक पडतो का?

तुमचा प्रश्न असा की, शिकागोला नोकरीवर रुजू झाल्यापासून सकाळी गाडीतूनच मॅकडोनाल्ड्सचं एग मॅकमफिन (गोल पावात अंडं, चीज आणि मांसाची चकती) आणि हॅश ब्राउन (बटाट्याच्या किसाची तळलेली वडी) घेता. मॅकमफिनमधलं मांस काढायला सांगता, कारण अंडं चालतं, मांस नाही. मधूनच ‘जरा हेल्दी’ म्हणून ओटमील. आणि तिकडून आई फोनवर रोज म्हणते की बाहेरचं बंद कर, घरी करून खा. आईचं कितपत बरोबर आहे?

माझ्या मते निम्मं. मी न्यू जर्सीत राहते, सकाळची घाई मलाही चुकलेली नाही, आणि हे तिन्ही पदार्थ घरी करून बघितले आहेत. तिघांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही.

मॅकमफिनला उगाच बदनाम केलंय. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे इथल्या एग मॅकमफिनमध्ये, मांसासकट, साधारण ३१० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं असतात. आता घरचा हिशेब करा: एका अंड्याच्या ७०, इंग्लिश मफिनच्या (म्हणजे केक नव्हे, चपटा गोल पाव) १३० च्या आसपास, चीजच्या चकतीच्या ६०, वर चमचाभर लोणी. तीनशेच्या जवळ आलोच की आपण! कारण साधं आहे, हा पदार्थ मुळात घरगुतीच आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरात हर्ब पीटरसन नावाच्या फ्रँचायझीवाल्याने तो बसवला. त्याला एग्ज बेनेडिक्ट (इंग्लिश मफिनवर मांस, अंडं आणि वरून पातळ सॉस) आवडायचं, म्हणून त्याने गोल कड्यात अंडं शिजवलं आणि पातळ सॉसच्या जागी चीजची चकती ठेवली. तळण कुठेच नाही.

फरक आहे तो मिठात. त्या एका सँडविचमध्ये सुमारे ७७० मिलिग्रॅम सोडियम असतं. अमेरिकन हार्ट असोसिएशन दिवसभराची कमाल मर्यादा २३०० सांगते, म्हणजे एक तृतीयांश कोटा सकाळी आठलाच संपला. मांस काढल्यामुळे तुमचं यापेक्षा कमी असणार. घरी केलंत तर पाचशेच्या आसपास राहतं, पण मफिन आणि चीज दोन्ही आधीच खारट असतात, तेव्हा अंड्यावर वेगळं मीठ घालू नका. मिरपूड पुरे.

थोडक्यात, मॅकमफिन घरी करायचं ते तब्येतीपेक्षा पैशासाठी. आणि ते जमतं अगदी हुबेहूब. लोणच्याच्या काचेच्या बरण्यांना दोन भागांचं झाकण असतं ना, त्यातलं बाहेरचं धातूचं कडं घ्या. आतून तेलाचं बोट फिरवा, नॉनस्टिक तव्यावर मध्यम आचेवर ठेवा आणि त्यात अंडं फोडा. पिवळा बलक काट्याने मोडा, नाहीतर गाडी चालवताना तो शर्टावर येतो. आता खरी गोम: कड्याच्या बाहेर तव्यावर चमचाभर पाणी टाकायचं आणि लगेच झाकण ठेवायचं. वाफेवर अंड्याची वरची बाजू शिजते, उलटावं लागत नाही, कडा कडक होत नाहीत. दोन-तीन मिनिटांत चकती सुटून येते. तेवढ्यात मफिन टोस्टरमध्ये होतो. मफिन सुरीने कापू नका, काट्याने टोचत टोचत उघडा. आतून खडबडीत राहतो आणि भाजल्यावर कुरकुरीत होतो.

रविवारी सहा करून, एकेक कागदी टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकता येतात. आदल्या रात्री एक खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा आणि सकाळी त्याच कागदासकट मिनिटभर मायक्रोवेव्ह करा. मफिन थोडा मऊ पडतो, हे मान्य. पण ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेपेक्षा हे लवकर होतं.

हॅश ब्राउनबद्दल मात्र तुम्हाला कॅलरीपेक्षा वेगळंच काही सांगायचंय. मांस खात नसाल तर हे माहीत असायला हवं: अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या हॅश ब्राउनच्या घटकांत ‘नॅचरल बीफ फ्लेवर’ लिहिलेलं असतं. फ्रेंच फ्राइजचंही तेच. फ्राइजवरून २००१ मध्ये सिअ‍ॅटलला हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी दावा लावला होता आणि पुढच्या वर्षी कंपनीने एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तरीही आपली कितीतरी मंडळी ‘बटाटाच तर आहे’ म्हणून बिनधास्त खातात. घरी हॅश ब्राउन करायच्या भानगडीत पडू नका. पिळा, थापा, तळा, सकाळी कोण करणार? त्याऐवजी आपला उपासाचा बटाट्याचा कीस करा. तूप, जिरं, मिरची, दाण्याचं कूट. चवीला काकणभर सरसच.

ओटमीलच्या बाबतीत मात्र आईला शंभर टक्के गुण. दिसायला सगळ्यांत सात्त्विक, पण फळं आणि मेपलच्या चवीचं जे मिळतं त्यात तीस ग्रॅमच्या पुढे साखर असते. थोडी फळांचीही आहे, तरी चमच्यांच्या हिशेबात सात-साडेसात चमचे झालेच. घरी अर्धा कप रोल्ड ओट्समध्ये साखर जेमतेम ग्रॅमभर असते. दूध-पाणी घालून दोन मिनिटं मायक्रोवेव्ह करा, वर सफरचंदाच्या फोडी आणि चार बेदाणे. भांडं मात्र खोलगट घ्या, उतू जातं.

आता आईला न आवडणारी गोष्ट. ‘घरचं’ म्हणजे त्यांच्या डोक्यात पोहे असणार. पोहे मला जीव की प्राण, पण एका बशीत प्रथिनं किती? दाणे धरून पाच-सहा ग्रॅम. मॅकमफिन त्यात पोह्यांना सहज मागे टाकतं. म्हणून अकरा वाजता भूक लागते आणि ऑफिसातला डोनट दिसतो. पोह्यांबरोबर एक उकडलेलं अंडं घ्या किंवा वाटीभर दही, म्हणजे जेवणापर्यंत निभतं. आणि शिकागोत फोडणी करण्यापूर्वी हिवाळी कोट बेडरूममध्ये टाकून दार लावून घ्या. हिंग-कढीपत्त्याचा वास नऊच्या मीटिंगपर्यंत सोबत करतो.