महायुद्धातल्या जीपच्या जुन्या भागावरून अचूक ड्रॉइंग कसं काढावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली १९४४ ची जीप पुन्हा उभी करताय, आणि व्हर्नियरने मापं घेऊन ड्रॉइंग काढूनही नवा ब्रॅकेट चासीवर बसत नाही. मी बरीच वर्षं टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन होतो आणि आता विलिस एमबी व फोर्ड जीपीडब्ल्यू (एकाच लष्करी जीपची दोन कंपन्यांनी बनवलेली रूपं) याच जीपच्या भागांची ड्रॉइंग काढतो. तुमचं माप बहुधा बरोबरच असेल. पण तुम्ही मापलात तो भाग आज जसा उरलाय तसा. ड्रॉइंगवर यायला हवा मूळ ड्राफ्ट्समनने लिहिलेला आकडा, आणि तो झिजेखालून शोधून काढावा लागतो.

इंजिनाचंच बघा. समजा, सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ८०.१४ मिमी भरला. मूळ बोअर ३ १/८ इंच, आपल्या वर्कशॉपच्या भाषेत तीन इंच एक सूत, म्हणजे ७९.३८ मिमी. वरचं पाऊण मिलिमीटर हे कुठल्या तरी मेकॅनिकने केलेलं ०.०३० इंचाचं रीबोअरिंग, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं. ८०.१४ लिहिलंत की ड्रॉइंग विलिसचं राहिलं नाही, त्या मेकॅनिकचं झालं.

म्हणून आधी मिलिमीटर बाजूला ठेवा. या गाडीचे ब्रॅकेट, पट्ट्या, भोकांमधली अंतरं इंचाच्या अपूर्णांकात विचार करून आखलेली आहेत. १/६४ इंच म्हणजे जेमतेम ०.४ मिमी. पट्टीची रुंदी तीन ठिकाणी ३७.७, ३७.९ आणि ३८.१ आली, तर सरासरी काढू नका. गंज पत्रा खातो, वाढवत नाही. तेव्हा ती पट्टी दीड इंचाची. मात्र बेअरिंगच्या जागा आणि शाफ्ट यांना हा नियम लावू नका. तिथली मापं इंचाच्या हजाराव्या भागात असतात आणि जोडीचा भाग हातात घेतल्याशिवाय ठरत नाहीत.

माप कुठे घेता यावर बरंच अवलंबून आहे. वॉशरखाली दबलेली गोल जागा, दोन पत्र्यांच्या मधली बाजू, जाड रंगाखालचा कोपरा, अशा ठिकाणी मूळ पृष्ठभाग शाबूत सापडतो. वाकलेल्या ब्रॅकेटमध्ये कडेपासून मापूच नका. एक न झिजलेलं भोक आधार धरा, सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) हाइट गेजने (उभी उंची मोजायच्या मापकाने) सगळी मापं तिथूनच घ्या. तुमचा ब्रॅकेट बसत नाही त्याचं कारण मला इथेच दिसतंय: कडेपासून भोकाचं अंतर धरलंत, आणि कड घासली गेलेली.

चाकाच्या भोकांबद्दल वेगळं विचारलंय. पाच भोकं असल्याने समोरासमोर माप मिळत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर घ्या आणि ०.५८७८ ने भागा. अंतर ८२.१ मिमीच्या आसपास आलं तर भोकांच्या केंद्रांमधून जाणारं वर्तुळ १३९.७ मिमी व्यासाचं, म्हणजे साडेपाच इंचाचं. स्टड (चाक धरणारा आट्यांचा दांडा) अर्धा इंच, इंचाला २० आटे. डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे आहेत, ते ड्रॉइंगवर ठळक लिहा. आटे पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायच्या दातेरी पट्ट्या) लावूनच ठरवा, नुसत्या व्यासावर जाऊ नका. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमी भरतो आणि आठ मिमीचा समजून फसायला होतं.

पत्र्याचा गेज, म्हणजे जाडीचा नंबर, हाही एक सापळा आहे. आपल्या बाजारात १६ गेज म्हणजे साधारण १.६३ मिमी, अमेरिकी मापात तोच १६ गेज स्टीलचा पत्रा १.५२ मिमी. दुकानदाराला गेज सांगू नका, जाडी सांगा. ओतकामाचा भाग असेल तर जुनाच भाग पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) म्हणून फाउंड्रीत देण्याचा मोह टाळा. बिडाचं ओतकाम थंड होताना फुटामागे सुमारे एक सूत आटतं, म्हणजे नवा भाग एक टक्का लहान येणार.

आणि हे सगळं करण्याआधी एक खात्री करा: हातातला भाग खरंच १९४४ चा आहे का? आपल्याकडे या जीपना नंतरच्या नागरी जीपचे, महिंद्रच्या गाड्यांचे भाग सर्रास लावलेले असतात. समोरच्या जाळीला युद्धकाळात नऊ फटी होत्या, नागरी जीपला सात. फोर्डने आपल्या भागांवर बारीक ‘एफ’ ठोकलेला असे. पुढचा आडवा चासी-मेंबर विलिसचा गोल नळीचा, फोर्डचा चौकोनी. तुमचा ब्रॅकेट नेमका त्याच्याजवळ बसतो, म्हणून हे आधी बघा.

जुन्या ड्रॉइंगची फोटोकॉपी मिळाली तर तीवर पट्टी लावून माप काढू नका. कागद लांबीला आणि रुंदीला सारखा आटत नाही. लिहिलेले आकडेच घ्या. अमेरिकी ड्रॉइंग थर्ड अँगलची असतात, म्हणजे उजवीकडून दिसणारं चित्र उजवीकडेच काढलेलं; फर्स्ट अँगलमध्ये ते डावीकडे येतं. आयटीआयमध्ये फर्स्ट अँगलवर हात बसलेला माणूस डावी-उजवी बाजू उलटी वाचतो, आणि ब्रॅकेट आरशातला तयार होतो.

शेवटी ड्रॉइंगवर प्रत्येक आकड्यापुढे खूण करा: मापलेला की अनुमानाने ठरवलेला. डाय (पत्रा दाबायचा साचा) करायला टाकण्याआधी जाड पुठ्ठ्याचा ब्रॅकेट कापून चासीवर लावून पाहा. जाळी आणि पुढच्या मेंबरचा फोटो इथे टाकलात तर फोर्ड की विलिस ते मी सांगतो, मग भोकांची मापं एकत्र बसवू.