पूल एकाच जागी बांध

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट काल मोठा करकरून पाहिला. तीन कादंबऱ्या, स्क्रिव्हनर या लेखनाच्या ॲपमधले तीन प्रोजेक्ट आणि तिन्हींत 'गावाची माहिती' नावाचं एकेक फोल्डर. पहिल्यात नदीवरचा पूल लाकडी, दुसऱ्यात दगडी आणि तिसऱ्यात पूलच नाही, नुसता नावाडी. वर तू मला विचारतेस, यातलं खरं कुठलं धरू! अगं, गाव तुझं ना?

तुझ्या स्मरणशक्तीला बोल लावू नकोस. नवं पुस्तक सुरू करताना जुन्या प्रोजेक्टमधलं फोल्डर तू उचलून नव्यात टाकलंस, घोळ तिथे झाला. असं टाकलं की त्याची प्रत होते, आणि मग दोन्ही प्रती एकमेकींना ओळखत नाहीत. एकीत पूल जळला तरी दुसरीला धग लागत नाही. म्हणून, एक गोष्ट एकाच जागी लिहायची.

जागा कुठली, हे त्यामानाने किरकोळ आहे. तिन्ही पुस्तकं एकाच प्रोजेक्टमध्ये ठेव: ड्राफ्टमध्ये, म्हणजे पुस्तकाच्या मजकुराच्या भागात, प्रत्येकाचं वेगळं फोल्डर आणि गाव ड्राफ्टच्या बाहेर, रिसर्चमध्ये. कंपाइल करताना, म्हणजे मजकुराची एकसंध फाइल काढताना, हवं ते एकच पुस्तक निवडता येतं. प्रोजेक्ट फार फुगला असं वाटलं तर गाव बाहेर काढ, ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये साध्या टेक्स्ट फाइलींत ठेव आणि प्रत्येक पुस्तकाच्या प्रोजेक्ट बुकमार्कमध्ये त्यांचा दुवा लाव. दुवा, प्रत नव्हे. 'तात्पुरतं इथे पेस्ट करते, मग जुळवून घेईन' हे मला सांगू नकोस. मीही तेच म्हणायचे.

माझ्या पहिल्या पुस्तकात एका घराचं दार पूर्वेला होतं. सकाळचं ऊन उंबऱ्यावर पडतं आणि त्या उजेडात पायाचे ठसे दिसतात, सगळं रहस्य त्यावर उभं. तिसऱ्या पुस्तकात त्याच दारातून मी मावळतीचं ऊन आत आणलं. टिपणं तीन वह्यांत होती आणि मी हाताला लागली ती उघडली. एका वाचकाने पत्रातून विचारलं, तर मी ऐटीत उत्तर दिलं की मधल्या काळात भिंत फोडून नवं दार काढलंय. मग ते खरं करायला चौथ्या पुस्तकात भिंत फोडण्याचं अख्खं प्रकरण लिहिलं. संपादकाने ते काढायला सांगितलं होतं, मी काढलं नाही. आजही ते मला तितकंसं वाईट वाटत नाही. टॉल्कीननेही 'द हॉबिट'मधला अंगठीचा प्रसंग पुढच्या कथेशी जुळेना म्हणून 1951च्या आवृत्तीत बदलला आणि 1937ची मूळ हकीकत नायक बिल्बोची थाप ठरवली. त्याची सारवासारव माझ्यापेक्षा सुबक होती, एवढंच.

असो. पुलाचं टिपण एकच कर. त्यात पुस्तकागणिक एक ओळ, आणि ओळीपुढे प्रकरणाचा आकडा. छापून गेलेलं आणि नुसतं तुझ्या मनात असलेलं, यांना वेगवेगळे रंग दे. मनातलं कितीही आवडो, छापलेल्याला ते हरवू शकत नाही. गाव काळाबरोबर बदलणारच. ते बदलही त्याच टिपणात एकाखाली एक लिही. तीन काळांची तीन टिपणं केलीस तर आहेस तिथेच परत येशील. एक गोष्ट, एकच जागा.

आणि ते चाळीस रकान्यांचे पात्रांचे तक्ते बंद कर. नावाड्याचा रक्तगट कुठल्या प्रकरणात लागणार आहे? जे पानावर आलं तेच टिपणात जाऊ दे. लिहिताना हात थांबला की तू फोल्डरांची नावं बदलत बसतेस, हे स्क्रीनशॉटमधल्या तारखांवरून दिसतं. चिडू नकोस, माझी अख्खी वर्षं त्यात गेली आहेत.

पहिलं पुस्तक बाजारात आहे, म्हणजे पूल लाकडी. दुसरं अजून तुझ्याच हातात आहे, तेव्हा तो दगडी पूल आज रात्रीच खोड आणि लाकडी पूल कसा गेला ते तिथे लिही. नावाड्याला मात्र हात लावू नकोस. पूल गेल्यावर त्याला काम मिळतं, आणि तिन्ही पुस्तकांत मला तोच सगळ्यात खरा वाटला.