वाढ, विकास आणि एन्व्हलपचा सख्खा भाऊ

प्रश्न असा आलाय की बालमानसशास्त्राचा थीसिस मराठीत लिहिताना ग्रोथ आणि डेव्हलपमेंट दोन्हीला 'विकास' लिहिलं तर चालेल का, गाईड म्हणतात चालतं. अजिबात नाही चालत! उंची, वजन, डोक्याचा घेर, म्हणजे टेप लावून मोजता येते ती वाढ आणि रांगणारं मूल चालायला-बोलायला लागतं तो विकास, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. (डेव्हलपमेंटल सायकॉलॉजीला 'विकसनशील मानसशास्त्र' म्हटलेलं वाचलं की तर डोकंच फिरतं, अरे विकसनशील मूल आहे, शास्त्र नव्हे.)

खरी मजा 'विकास'मध्ये आहे. कस् हा धातू जाण्या-हलण्याचा, त्याला वि लागला की उमलणं, म्हणून कमळ विकसतं. काही विद्वान छातीठोकपणे सांगतात की हा वि + काश्, म्हणजे चमकणे. साफ चूक! तो 'विकाश', वेगळा शब्द, दोन्हींची सरमिसळ जुनी आहे आणि बंगालीत आजही श लिहितात हे मान्य, पण म्हणून आपल्या कमळाचा दिवा कशाला करायचा?

आणि आता बघा, फ्रेंचमधून आलेला डेव्हलपसुद्धा मुळात 'गुंडाळलेलं सोडवणे', एन्व्हलपचा सख्खा भाऊ, एक गुंडाळतो दुसरा सोडवतो. म्हणजे दोन्हीकडे गृहीत धरलंय की आत सगळं आधीच तयार आहे, फक्त उलगडायचंय. 1694 मध्ये डच शास्त्रज्ञ हार्टसूकरने शुक्राणूच्या डोक्यात अंग चोरून बसलेला इवलासा माणूस चितारला, माझ्या मते तोच या शब्दांत अजून दडून बसलाय. 1759 मध्ये जर्मन गर्भशास्त्रज्ञ वोल्फने सांगितलं की गर्भात अवयव आधीपासून नसतात, नव्याने घडतात, पण शब्द काही हलला नाही. मेंदूत तर उलटाच कारभार, मेंदूतज्ज्ञ हटनलॉकरने 1979 मध्ये फ्रंटल कॉर्टेक्समधले (कपाळामागचा मेंदूचा थर) सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधले जोड, मोजले तर एक-दोन वर्षांच्या मुलात त्यांची घनता मोठ्या माणसाच्या जवळपास दीडपट निघाली, पुढे त्यांची छाटणी होते. कमी होतंय आणि म्हणायचं उमलतंय! म्हणून मला 'घडण' जास्त पटतो, त्यात काढून टाकणंही बसतं, पण परिभाषावाले ऐकतात कुठे.

हां, थीसिस. सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्याच्या सुमारे 90 टक्के होतो, मात्र प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या, म्हणजे त्याच थराच्या अगदी पुढच्या भागाच्या, घडणीचं काम विशीतही चालूच असतं. दोन्हीला 'विकास' म्हणून हे एवढं वाक्य लिहून दाखवा आणि मग द्या गाईडना सहीला.