नूडल्सना पाणी सुटते त्याचे कारण सॉसमध्ये नव्हे, शेगडीत शोधा

आपला प्रश्न वाचताना जवळजवळ प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटले. नाशिकहून बदलीवर बडोद्यास आल्यापासून तीच कढई, त्याच भाज्या आणि तीच कृती असूनही कोबीला पाणी सुटते, नूडल्सचा लगदा होतो आणि मांसाच्या पट्ट्या तांबूस होण्याऐवजी राखाडी पडून चिवट होतात, असे आपण लिहिले आहे. मूळ कृती बीफ आणि भाज्यांच्या झटपट नूडल्सची असून आपण तिच्यात बोकडाचे मटण वापरता. आतापर्यंतच्या उत्तरांत कुणी कॉर्नफ्लोअर वाढवायला सुचवले आहे, तर कुणी सॉस बदलायला. मला मात्र आपले एक वाक्य महत्त्वाचे वाटले, जे आपण जाता जाता लिहून गेला आहात : नव्या घरात बाटल्याऐवजी (म्हणजे सिलिंडरऐवजी) पाइपलाइनचा गॅस आहे आणि शेगडी नाशिकहून आणलेलीच आहे. दुखणे तिथे आहे, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणेन.

सुरुवातीलाच सांगतो की गॅसच्या कामाचा परवाना माझ्याकडे नाही आणि आपली शेगडी मी पाहिलेली नाही, तेव्हा पुढचे सर्व त्या मर्यादेत वाचावे. बाटल्यात प्रोपेन आणि ब्यूटेन असतात, तर नळाने येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. सारख्याच आकारमानाचा गॅस जाळला, तर बाटल्यातल्या गॅसपासून मिथेनच्या अडीच ते तीन पट उष्णता मिळते. शिवाय बाटल्याच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण ३० मिलिबार दाबाने येतो आणि घरगुती पाइपलाइनमध्ये तो दाब २१ मिलिबारच्या आसपास असतो. म्हणून पाइपलाइनच्या गॅससाठी बर्नरखालच्या जेटचे, म्हणजे गॅस जिच्यातून सुटतो त्या छोट्या तोटीचे, भोक मोठे असावे लागते. बाटल्याचा जेट तसाच ठेवून पाइपलाइन जोडली, तर शेगडी पेटते, ज्योत निळी आणि नीटनेटकी दिसते, चहा होतो, वरण-भात होतो, आणि आच मात्र पूर्वीच्या सुमारे निम्मीच मिळते. मंद आचेवरच्या पदार्थांत हे लक्षातही येत नाही. दोन मिनिटांत परतून उतरवायच्या पदार्थाचा मात्र त्यात पूर्ण बोजवारा उडतो.

माझ्या बाबतीत ही साधी गोष्ट समजायला जो काळ गेला, तो स्वयंपाकघरात गेला नाही, एका तक्रार कक्षात गेला. कोणत्या, ते लिहीत नाही, कारण इथे नावे घेऊन काही साधत नाही. आच कमी पडते अशी तक्रार नोंदवली की एक गृहस्थ येत, मीटरपाशी दाब मोजत, ‘प्रेशर बराबर छे’ असे सांगत आणि वहीवर सही घेऊन निघून जात. दाब बरोबरच होता, त्याबद्दल वाद नव्हता. पण मीटरपासून शेगडीपर्यंतची नळी आणि शेगडीच्या पोटातला जेट हा आपला विषयच नाही, अशी त्या कक्षाची ठाम समजूत होती. त्यांनी शेगडीच्या विक्रेत्याकडे पाठवले, विक्रेत्याने शेगडीत दोष नाही म्हणून पुन्हा गॅसवाल्यांकडे पाठवले, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी अगदी खरे होते. जोडणी देताना ‘शेगडी कोणत्या गॅसची आहे?’ एवढा एकच प्रश्न कुणी विचारला असता, तर पुढचे सारे टळले असते. त्या काळात मी जेवढी सॉसची मिश्रणे बदलली आणि जेवढे मटण वाया घालवले, त्याचा हिशेब त्या वहीत कुठेही नाही. अखेर आमच्या भागात शेगड्या दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिराने बर्नर उचलून आत पाहिले, ‘हा बाटल्याचा जेट आहे’ म्हणाला आणि तिथल्या तिथे जेट बदलून दिले.

आपल्याकडे हीच अडचण आहे का, हे घरीच पाहता येईल. सर्वांत मोठ्या बर्नरवर एका सपाट भांड्यात एक लिटर पाणी झाकण घालून पूर्ण आचेवर ठेवा. जेट योग्य असेल, तर साधारण पाच ते सहा मिनिटांत पाण्याला खळखळून उकळी येते. दहा-बारा मिनिटे लागत असतील, तर सॉसची चर्चा तूर्त बाजूला ठेवावी. कारागिराला बोलावताना ‘आच कमी आहे’ असे मोघम न सांगता ‘शेगडी बाटल्याची आहे, पाइपलाइनचे जेट बसवून द्या’ असे स्पष्ट सांगा, म्हणजे तो योग्य सामान घेऊन येईल. काही शेगड्यांना जेटबरोबर हवेची झडपही नीट लावून घ्यावी लागते. जेटमध्ये दाभण किंवा तार घालून भोक मोठे करण्याचा सल्ला आपल्याला नक्की कुणीतरी देईल. तो कृपया मानू नका. भोक वेडेवाकडे झाले की ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडतात, आणि गळतीचा धोका राहतो तो वेगळाच. घर भाड्याचे असल्याने शेगडीला हात लावणे नको वाटत असेल, तर २००० वॉटची इंडक्शन शेगडी या कामाला चांगली चालते. मात्र तिच्यावर सपाट बुडाचा लोखंडी तवा किंवा पॅन घ्यावा लागेल, गोल बुडाच्या कढईचा उपयोग नाही.

आता जेट बदलल्यावरही एक मर्यादा राहतेच, आणि झटपट नूडल्सच्या बहुतेक कृती ती लपवतात. घरच्या मोठ्या बर्नरची शक्ती जेमतेम दोन ते तीन किलोवॅट असते आणि तिच्यातलाही मोठा हिस्सा कढईच्या कडेने निघून जातो. हॉटेलातल्या चिनी पदार्थांच्या भट्टीची शक्ती याच्या कितीतरी पट असते. १०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे आपल्या बर्नरवर दोन मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ केवळ तेवढे पाणी उडवण्यात जातो. कोबीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि मांसातही सुमारे तीन चतुर्थांश असते. कढईत एकदम सगळे ओतले, तर सुटलेले पाणी उडण्याआधीच पदार्थ त्यात शिजतो, कारण जोवर तळाशी पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही आणि मांस तांबूस होण्यासाठी त्याहून बरेच अधिक तापमान लागते. म्हणून दोघांसाठी १५० ग्रॅम नूडल्स, २५० ग्रॅम मांस आणि ३०० ग्रॅम चिरलेल्या भाज्या असे प्रमाण धरले, तरी मांस दोन वेळा आणि भाज्या दोन वेळा अशा वेगवेगळ्या परताव्यात. चौघांसाठी करायचे असेल, तर सगळाच पदार्थ दोनदा करावा. घरच्या शेगडीवर सहा जणांच्या नूडल्स एका कढईत करून दाखवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मांसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण कृतीतले बीफ काढून तिथे मटण घालण्याने प्रश्न सुटत नाही. गुजरातेत गोवंशाच्या हत्येवर आणि मांसविक्रीवर कायद्याने बंदी आहे, तेव्हा बीफ बदलावे लागणार हे उघडच आहे. पण मूळ कृती ज्या मांसासाठी लिहिली आहे, त्यात मोठ्या जनावराचा लांब, सरळ धाग्यांचा, बिनहाडाचा तुकडा गृहीत धरलेला असतो, आणि तो आडवा कापला की दोन मिनिटांत खाण्याजोगा होतो. बोकडाचे स्नायू लहान असतात, त्यांच्यामध्ये पांढरे पडदे पुष्कळ असतात, आणि हे पडदे मऊ व्हायला मंद आचेवर बराच वेळ लागतो, तो वेळ परतण्याच्या पदार्थात नसतो. म्हणून खाटकाकडे नेहमीचे मिसळ मटण मागू नये. मागच्या रानाचे, म्हणजे मांडीचे, बिनहाडाचे मांस किंवा पाठीच्या कण्याला आतून लागून असलेली मऊ पट्टी मागावी, आणि बोकड कोवळा असावा हे आवर्जून सांगावे. घरी आणल्यावर पडदे सुरीच्या टोकाने सोलून काढावेत. मग मांस अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवले की ते किंचित घट्ट होते आणि तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या सहज निघतात. पट्ट्या धाग्यांच्या आडव्या कापायच्या, ही एक गोष्ट चुकवून चालणार नाही. कापलेल्या तोंडावर लांब रेघा दिसल्या तर सुरी उभी चालली आहे, बारीक ठिपके दिसले तर बरोबर चालली आहे.

चिवटपणा घालवण्यासाठी २५० ग्रॅम मांसाला पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि चमचाभर पाणी चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. सोड्याने मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो आणि तापल्यावर त्यातली प्रथिने कमी आक्रसतात. नंतर मांस भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर साबणासारखी चव राहते, आणि स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे टिपावे. टिपण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी आधीचे सगळे श्रमही करू नयेत. कोरड्या पट्ट्यांना एक मोठा चमचा सोया सॉस, एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर आणि तेवढेच तेल लावून ठेवावे. सोडा नको असेल, तर बडोद्यात कच्च्या पपईची कधीच वाण पडत नाही, कारण फाफडा-गाठियांबरोबरच्या संभाऱ्याला, म्हणजे परतलेल्या किसाला, ती लागतेच. साल काढून वाटलेली पपई चहाचा एक चमचा घ्यावी आणि अर्ध्या तासाच्या वर ठेवू नये, कारण पुढे मांस मऊ न राहता भुसभुशीत होते. दोन्ही उपाय एकदम करू नयेत. आणि खरे सांगायचे, तर पहिल्या खेपेला मी आपल्याला कोंबडीची मांडी घ्या असेच सुचवीन. तिच्यावर हात बसला की मटणाकडे वळावे. कुकरमध्ये शिटी काढून घेतलेले मटण नूडल्समध्ये घालण्याची पद्धत मला पसंत नाही. ते खायला वाईट लागते असे नाही, पण तो परतलेला पदार्थ राहत नाही.

नूडल्स कशा उकळायच्या हे पाकिटावर असतेच. त्याहून एक मिनिट आधी काढा, थंड पाण्याखाली धरा, चमचाभर तेल लावा आणि मुख्य म्हणजे चाळणीत ढीग करून न ठेवता मोठ्या ताटात पसरून पंख्याखाली सुकू द्या. भाज्याही निदान तासभर आधी धुऊन निथळत ठेवाव्यात. खंडेराव मार्केटमधून आणलेली पाणी मारलेली कांद्याची पात तशीच चिरून कढईत टाकली, तर आपण भाजीबरोबर पाणीही ओततो. भाज्यांवर आधी मीठ घालू नये, त्याने पाणी लवकर सुटते. सोया सॉसमधले मीठ बहुधा पुरते. दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चहाचा चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा साखर, मिरपूड आणि दोन मोठे चमचे पाणी हे सर्व वाटीत आधीच कालवून ठेवावे, कारण कढई तापल्यावर बाटल्यांची झाकणे उघडायला सवड नसते.

कढई लोखंडीच घ्यावी. नॉनस्टिक भांडे इतके तापवणे योग्य नाही, २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो. तेल रिफाइंड असावे. आपल्याकडचे फिल्टर केलेले सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचे तेल, चवीला उत्तम असले, तरी ते लवकर धुरकटते. कोरडी कढई दोन-तीन मिनिटे पूर्ण आचेवर तापवावी, पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुर्र न करता गोळी होऊन पळू लागला की तेल घालावे आणि लगेच निम्मे मांस एका थरात पसरावे. पसरल्यावर पाऊण मिनिट त्याला हात लावू नये. हे सर्वांत अवघड जाते, कारण झारा हातात असला की आपण हलवत राहतो. खालची बाजू तांबूस झाली की उलटून अर्ध्या मिनिटात काढावे आणि दुसरी खेप टाकावी. आवाजाकडे लक्ष असू द्या : तडतड कोरडी आणि तीक्ष्ण असेपर्यंत सर्व ठीक आहे; ती खाली येऊन बुडबुड्यांचा आवाज सुरू झाला, तर कढईत माल जास्त झाला आहे, थोडा बाहेर काढावा. मग भाज्याही निम्म्या-निम्म्या दोन खेपांत : आधी लसूण-आले, गाजर आणि फरसबी, त्यानंतर सिमला मिरची, शेवटी कोबी. प्रत्येक टप्पा मिनिटभराचा. सर्व भाज्या, नूडल्स आणि मांस एकत्र आले की सॉस मध्यावर न ओतता कढईच्या कडेवरून सोडावा, म्हणजे खाली येईपर्यंत त्यातले पाणी बरेच उडते. पात वरून घालून लगेच उतरावे.

एक जोडसूचना. कारागीर जे जुने जेट काढील, ते त्याच्याकडे न सोडता मागून घ्या आणि ‘बाटला’ अशी चिठ्ठी लावून एका डबीत ठेवा. आपली नोकरी बदलीची आहे. पुढच्या गावी बाटला असेल आणि पाइपलाइनचे मोठे जेट तसेच राहिले, तर ज्योत गरजेपेक्षा फार मोठी व काजळी धरणारी येते, आणि ते कमी आचेपेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. नव्या ठिकाणी शेगडी जोडण्याआधी जेट बदलून घ्या आणि जोडणारा माणूस घरातून जाण्यापूर्वी त्याच्यासमोरच सर्व बर्नर पेटवून पाहा.